दाढेतला कार्बन : प्रागैतिहासिक आहाराचा रासायनिक शोध

मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ म्हणजे दातांवरचे एनॅमल. वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असते, उरलेले पाणी आणि थोडेसे सेंद्रिय द्रव्य. हे खनिज मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे बनलेले असून त्याच्या स्फटिकांत थोडा कार्बोनेटही गुंतलेला असतो. हाडातही जवळजवळ हेच खनिज असते, पण तिथले स्फटिक फार बारीक आणि त्यांची रचना सच्छिद्र. एनॅमलचे स्फटिक लांब, जाड आणि एकमेकांना घट्ट बिलगलेले असतात. त्यामुळे जमिनीत झिरपणाऱ्या पाण्याने हाड बदलते, भुसभुशीत होते, विरघळूनही जाते, आणि शेजारी पडलेली दाढ मात्र शाबूत राहते. लाखो वर्षांपूर्वीच्या मानवकुलाची आज जी ओळख आहे, ती मोठ्या प्रमाणात दातांनी आणि जबड्यांच्या तुकड्यांनी करून दिलेली आहे.

एनॅमलचा दुसरा गुण याहून मोलाचा. एकदा ते तयार झाले की शरीर त्यात पुन्हा फेरफार करत नाही. हाड आयुष्यभर झिजत आणि नव्याने भरत असते. एनॅमल घडवणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीबाहेर येण्यापूर्वीच नष्ट झालेल्या असतात. माणसाच्या पहिल्या कायमच्या दाढेचे एनॅमल जन्माच्या सुमारास घडू लागते आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास पूर्ण होते. अक्कलदाढेचे काम आठव्या-नवव्या वर्षाच्या सुमारास सुरू होऊन किशोरवयात संपते. म्हणजे साठ वर्षांच्या म्हाताऱ्याच्या पहिल्या दाढेतही त्याच्या अंगावर पिण्याच्या वयातले द्रव्य जसेच्या तसे असते. प्राचीन दातांच्या रसायनावरून ‘त्या काळचा माणूस काय खात होता’ असे सांगितले जाते, तेव्हा खरे तर त्या काळचे मूल काय खात होते, हे सांगितलेले असते. हा फरक वृत्तपत्रांतील मथळ्यांत हमखास हरवतो आणि पुढच्या विवेचनात तो सतत ध्यानात ठेवावा लागतो.

रसायनाचा आधार मिळण्यापूर्वी आहाराचा अंदाज दातांच्या आकारावरून बांधला जाई. १९५९ च्या जुलैमध्ये टांझानियातील ओल्डुवाई घळीत मेरी लीकी यांना एक कवटी सापडली. वय सुमारे साडेसतरा लाख वर्षे. दाढा आजच्या माणसाच्या दाढांहून कितीतरी मोठ्या, चपट्या आणि जाड एनॅमलच्या. गालाची हाडे पुढे आलेली. डोक्याच्या मध्यावर हाडाचा उभा कंगोरा, आणि तो चावण्याच्या अजस्र स्नायूंना धरून ठेवण्यासाठी. या जातीला आज पॅरँथ्रोपस बॉइसी म्हणतात. एवढी चक्की कशासाठी, या प्रश्नाला उत्तर सरळ वाटत होते : टणक बिया आणि कवचाची फळे फोडण्यासाठी. त्यावरून या प्राण्याला ‘नटक्रॅकर मॅन’, म्हणजे अडकित्त्या जबड्याचा माणूस, हे नाव पडले आणि ते पन्नास वर्षे टिकले. पण अडकित्ता पाहून एवढेच कळते की त्याने सुपारी कातरता येते. घरातल्या माणसांनी खरोखर काय कातरले, हे त्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी दाढेच्या आतल्या कार्बनपर्यंत जावे लागले.

निसर्गातील कार्बनचे दोन स्थिर समस्थानिक आहेत. सुमारे ९८.९ टक्के अणू कार्बन-१२ चे आणि उरलेले जवळपास सगळे त्याहून किंचित जड अशा कार्बन-१३ चे. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन अन्न बनवताना वनस्पती या दोघांना सारखे वागवत नाहीत. गहू, तांदूळ, जव, सगळ्या डाळी, आंबा, फणस, जवळपास सगळी झाडे-झुडपे एका मार्गाने प्रकाशसंश्लेषण करतात. त्या मार्गात तयार होणाऱ्या पहिल्या संयुगात कार्बनचे तीन अणू असतात, म्हणून त्यांना सी-३ वनस्पती म्हणतात. त्यांचे विकर हलक्या कार्बनला झुकते माप देते आणि जड कार्बन बराचसा बाहेरच राहतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते यांचा मार्ग निराळा आहे. त्यात पहिले संयुग चार कार्बनचे बनते आणि मग तो कार्बन पानाच्या आतल्या बंदिस्त पेशींत कोंडला जातो. कोंडलेल्या जागी निवड करायला वाव उरत नाही, त्यामुळे जड कार्बनही आत घेतला जातो. या सी-४ मार्गाचा उलगडा मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात केला, तो उसाच्या पानांवर.

हा फरक मोजता येतो. दक्षिण कॅरोलायनातील पी डी नावाच्या खडकथरातल्या एका जीवाश्म कवचाला शून्य मानून मोजमाप करतात, आणि त्याच्या तुलनेत जड कार्बन दर हजारी किती कमी किंवा जास्त ते सांगतात. सी-३ वनस्पतींचा आकडा सरासरीने उणे २७ च्या आसपास येतो, सी-४ वनस्पतींचा उणे १२-१३ च्या. दोन्हींच्या मध्ये रिकामी जागा आहे, हे या पद्धतीचे मोठे भाग्य. खाल्लेल्या अन्नाचा कार्बन रक्तातून एनॅमलमध्ये जाताना आकडा ठरावीक प्रमाणात वर सरकतो. मोठ्या शाकाहारी प्राण्यांत सुमारे १४ ने. म्हणून केवळ झाडपाला खाणाऱ्याच्या दाढेत उणे १३ च्या आसपासचा आकडा मिळतो आणि केवळ उष्ण प्रदेशातील गवत खाणाऱ्याच्या दाढेत शून्याच्या किंचित वरचा. मराठी ताटाला हे गणित लावले तर ज्वारीची भाकरी आणि गव्हाची पोळी या रसायनाच्या दृष्टीने दोन टोकांना बसतात. उपासाची भगर भाकरीच्या बाजूला जाते, आणि राजगिरा गवत नसूनही तिकडेच. वरणभात पोळीच्या पंगतीत.

या फरकाचा आहाराशी संबंध आहे, हे आधी लक्षात आले ते एका वेगळ्याच अडचणीतून. उत्तर अमेरिकेतील उत्खननांत मिळालेल्या मक्याच्या कणसांचे रेडिओकार्बन वय त्याच थरातील लाकडी कोळशापेक्षा दोन-अडीचशे वर्षांनी अलीकडचे येई. कारण सापडले ते असे की मका सी-४ असल्यामुळे जड कार्बन जास्त घेतो आणि त्यासोबत किरणोत्सारी कार्बन-१४ सुद्धा. कालमापनात जी चूक होती, तीच आहाराच्या अभ्यासात खूण ठरली. मका खाणाऱ्या माणसाच्या हाडातही हा जडपणा उतरला पाहिजे, असा विचार करून योहान फोगेल आणि निकोलास व्हान डर मर्व यांनी १९७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील प्राचीन सांगाड्यांवर मोजमाप प्रसिद्ध केले. मक्याची शेती आल्यानंतरच्या हाडांत तो बदल स्पष्ट दिसला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल डीनिरो आणि सॅम्युएल एपस्टाइन यांनी प्राण्यांना ठरावीक अन्न घालून त्यांच्या शरीरात तोच कार्बन उतरतो हे दाखवले.

हे सारे काम हाडातील कोलॅजन या प्रथिनावर चालले होते. कोलॅजन काही हजार वर्षे, थंड प्रदेशात काही दशसहस्र वर्षे टिकते. आफ्रिकेतील वीस-तीस लाख वर्षांच्या जीवाश्मांत त्याचा पत्ताच नसतो. उरते ते खनिज, आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही यावर १९८० च्या दशकात मोठा वाद झाला. १९८२ मध्ये मार्गारेट शोनिंगर आणि डीनिरो यांनी जीवाश्म हाडांतील खनिजाचा कार्बन मातीतल्या कार्बोनेटने दूषित होतो, म्हणून त्यावरून आहार काढता येणार नाही, असे ठामपणे मांडले. हाडापुरता हा आक्षेप योग्यच होता. उत्तर केप टाउनमधून आले. ज्युलिया ली-थॉर्प आणि व्हान डर मर्व यांनी हाड सोडून एनॅमलकडे मोर्चा वळवला आणि पडताळणीसाठी साधी, पण बिनतोड युक्ती योजली. एकाच गुहेच्या थरात पाला खाणारे प्राणी आणि चरणारे प्राणी अशा दोघांचेही जीवाश्म दात मिळतात. मातीने एनॅमल बदलले असते तर दोघांचे आकडे एकमेकांकडे सरकून एक झाले असते. तसे झालेले नव्हते. लाखो वर्षांनंतरही पाला खाणाऱ्यांचा आकडा खाली होता आणि चरणाऱ्यांचा वर. मानवकुलातील दाताचा आकडा आजही याच चौकटीत, त्याच जागच्या हरणांच्या आणि घोड्यांच्या दातांशेजारी ठेवून वाचला जातो. तुलनेसाठी आजचे प्राणी घेतले तर आणखी एक दुरुस्ती करावी लागते. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेतला कार्बन हलका झाला आहे, त्यामुळे आजच्या गवताचा आकडा उद्योगयुगापूर्वीच्या गवतापेक्षा दीड-दोन एककांनी खाली असतो.

प्रत्यक्ष काम नाजूक आहे. दात आधी स्वच्छ करतात, त्याची छायाचित्रे आणि साचा घेऊन ठेवतात. शक्यतो जुन्या तुटलेल्या कडेवरच, दिसण्यात येणार नाही अशा ठिकाणी, हिऱ्याच्या टोकाच्या बारीक ड्रिलने काही मिलिग्रॅम पांढरी भुकटी खरवडतात. आतले पिवळसर डेंटीन लागले की थांबायचे. ते मातीतले द्रव्य सहज शोषते. भुकटी सौम्य ॲसिटिक आम्लात ठेवून वरून चिकटलेला कार्बोनेट काढून टाकतात. मग तिच्यावर फॉस्फोरिक आम्ल सोडले की कार्बन डायऑक्साइडचा छोटासा बुडबुडा निघतो. साडेसतरा लाख वर्षांपूर्वी एखाद्या पोराने खाल्लेल्या कंदाचा कार्बन त्या बुडबुड्यात मोकळा होतो. मास स्पेक्ट्रोमीटर या वायूतील ४४ आणि ४५ वस्तुमानाचे रेणू वेगळे करून मोजतो, आणि त्यांचे गुणोत्तर म्हणजे उत्तर. आता लेसरने एनॅमलवर डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा ठिपका जाळूनही मोजता येते. त्यामुळे दात तपासायला देण्यास संग्रहालयांचा असलेला नकार पुष्कळ कमी झाला आहे, आणि तो नकार रास्तच होता : एका जातीचे जगात दोन-चारच दात असतील तर त्यातला एक खरवडणे ही लहान गोष्ट नाही.

१९९९ मध्ये मॅट स्पॉनहायमर आणि ली-थॉर्प यांनी दक्षिण आफ्रिकेतील माकापान्सगाट येथील ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकानसच्या सुमारे तीस लाख वर्षांपूर्वीच्या दातांचे निष्कर्ष मांडले. तोवर हा प्राणी चिंपँझीसारखा फळे-पानांवर जगणारा समजला जाई. दातांत मात्र सी-४ कार्बनचा मोठा वाटा निघाला. आजचे चिंपँझी मोकळ्या माळरानालगत राहिले तरी गवताळ अन्नाला जवळपास तोंड लावत नाहीत. मानवकुलाने जंगलाबाहेरचे अन्न इतक्या लवकर आपलेसे केले होते, हे पहिल्यांदा कळले ते या दातांवरून. २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतीलच स्वार्टक्रान्स येथील पॅरँथ्रोपस रोबस्टसच्या चार दातांवर लेसरने ओळीने ठिपके घेतले गेले. एनॅमल थरांनी वाढते, त्यामुळे ठिपक्यांची ओळ म्हणजे काळाची ओळ. आकडे ऋतूगणिक आणि वर्षागणिक वरखाली होत होते. पाऊसपाणी बदलले की अन्न बदलणारा हा प्राणी होता. एकाच अन्नाला चिकटून नामशेष झालेला ठोंब्या अशी त्याची पाठ्यपुस्तकी प्रतिमा त्यामुळे मोडली.

ओल्डुवाईच्या कवटीच्या जातभाईंचे काय? २००८ मध्ये पीटर उंगर आणि सहकाऱ्यांनी बॉइसीच्या दाढांचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. टणक बिया फोडणाऱ्याच्या दाढेवर खड्डे पडतात. येथे खड्डे नव्हते, बारीक ओरखडे होते. २०११ मध्ये थ्युअर सर्लिंग आणि सहकाऱ्यांनी केनियातील २२ व्यक्तींच्या एनॅमलचे आकडे प्रसिद्ध केले. आहाराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सी-४ निघाला, त्यावेळी मोजलेल्या मानवकुलातील कोणत्याही जातीपेक्षा जास्त. जवळजवळ त्याच परिसरात चरणाऱ्या झेब्र्यांच्या आणि रानडुकरांच्या पंक्तीला हा प्राणी जाऊन बसला. झाडाच्या फळांत आणि बियांत असा कार्बन नसतो. ती प्रचंड चक्की टणक दाणे फोडायला नव्हती. गवत आणि लव्हाळ्यासारखे निकस, चिवट अन्न दिवसभर रवंथल्यासारखे दळायला होती. पाणथळीतल्या पपायरसचे कंद आणि खोडाचा खालचा भाग हे त्याचे अन्न असावे, असे व्हान डर मर्व यांनी आधीच सुचवले होते.

कार्बनखेरीज इतर मूलद्रव्येही बोलतात. त्यांतला बेरियमचा पुरावा मनाला सर्वांत भिडणारा आहे. गर्भाशयात वारेतून बाळाकडे बेरियम फारसा जात नाही. आईच्या दुधातून मात्र जातो, आणि तो कॅल्शियमसोबत एनॅमलमध्ये बसतो. जन्माच्या क्षणी एनॅमलमध्ये एक सूक्ष्म रेघ उमटते. त्या रेघेपुढे बेरियम वाढतो आणि दूध तुटले की उतरतो. २०१३ मध्ये ख्रिस्तीन ऑस्टिन, तान्या स्मिथ, मनीष अरोरा आणि सहकाऱ्यांनी ही खूण आजच्या मुलांच्या व माकडांच्या दातांवर तपासली आणि मग बेल्जियमच्या स्क्लादिना गुहेतील निअँडरथल मुलाच्या दाढेवर लावली. ते मूल सुमारे सात महिने केवळ आईच्या दुधावर होते. पुढचे सात महिने दूध आणि वरचे अन्न असे चालले, आणि नंतर दूध एकदम थांबले. का थांबले, हे दाढ सांगत नाही. २०१९ मध्ये रेनो जोआनेस-बोयो आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकानसच्या दातांत बेरियमच्या पट्ट्या पुन्हा पुन्हा येताना पाहिल्या. पहिल्या वर्षानंतरही, अन्नाची टंचाई आली की आया मुलांना परत अंगावर घेत होत्या, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

भारतीय उपखंडाचा या शास्त्राशी जुना संबंध आहे. शिवालिक टेकड्यांच्या पाकिस्तानातील पोतवार भागात प्राचीन मातीच्या थरांतील कार्बनवरून जे क्वेड आणि सर्लिंग यांनी १९८९ मध्ये दाखवले की साधारण ७० लाख वर्षांपूर्वी तेथे सी-४ गवतांचा झपाट्याने प्रसार झाला. त्या थरांतील घोड्यांच्या दातांतही तोच बदल दिसतो. मानवी वसाहतींच्या काळात प्रश्न अधिक गुंतागुंतीचे होतात. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही मूळची आफ्रिकेतली पिके इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या सुमारास भारतात रुजू लागली, पण साव्यासारखी देशी सी-४ भरडधान्ये त्याआधीपासून होती. त्यामुळे येथे वर गेलेला आकडा पाहून ज्वारी आली असे म्हणता येत नाही. त्यातच गुरांचा हिशेब मिसळतो. कडबा खाणाऱ्या म्हशीच्या दुधात आणि मांसातही सी-४ कार्बन असतो, म्हणून माणसाने भाकरी खाल्ली की दूध प्यायले हे केवळ कार्बनवरून ठरत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केलेल्या कच्छमधील कोटडा भडली या हडप्पाकालीन वस्तीत म्हणूनच प्रथम जनावरांचे दात तपासले गेले. गाई-म्हशींच्या एनॅमलमध्ये सी-४ चाऱ्याचे प्रमाण मोठे निघाले आणि शेळ्या-मेंढ्यांचे आकडे वेगळे आले. गुरांना पिकाचा चारा घातला जात होता आणि शेरडे रानात चरत होती, असा अर्थ त्यातून निघाला.

महाराष्ट्रातील सर्वांत बोलका दंतसंग्रह इनामगावचा. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळात नांदलेल्या या वस्तीचे उत्खनन १९६८ ते १९८३ दरम्यान झाले. तेथे मुले घरातल्या जमिनीखाली पुरलेली आढळतात, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन मडक्यांत. दुधाच्या दातांचा एवढा साठा क्वचितच मिळतो. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी त्यातल्या सुळ्यांवरचे खळगे अभ्यासले. एनॅमल घडत असताना बाळ आजारी पडले किंवा अन्नाला तुटले की वाढ अडते आणि तसा खळगा राहतो. वस्तीत मुख्य पीक जवाचे. त्याच्या जोडीला गहू, मसूर आणि कुळीथ. ही सारी सी-३. म्हणून इनामगावसारख्या ठिकाणी कार्बनचा आकडा वर गेलेला आढळला, तर त्याचे पहिले संशयित चाऱ्यावर वाढलेली गुरे आणि भरडधान्ये हेच राहतील.

मर्यादांचा मुख्य मुद्दा येथेच आहे. कार्बन वनस्पतीचा मार्ग सांगतो, वनस्पतीचे नाव सांगत नाही. आणि ती वनस्पती थेट पोटात गेली की ती खाणाऱ्या हरणाच्या वा वाळवीच्या मार्गाने गेली, हेही सांगत नाही. आफ्रिकेतील जवळपास प्रत्येक निष्कर्षात हा पेच होता : दातातला सी-४ कार्बन गवताचा की मांसाचा? उत्तरासाठी नायट्रोजन लागतो. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर जड नायट्रोजन-१५ चे प्रमाण दर हजारी तीन-चारने वाढते, त्यामुळे शाकाहारी आणि मांसाहारी वेगळे ओळखता येतात. पण नायट्रोजन प्रथिनात असतो आणि जुन्या जीवाश्मांतले प्रथिन गेलेले असते. एनॅमलच्या स्फटिकांत अडकून पडलेला अत्यल्प सेंद्रिय नायट्रोजन मोजण्याचे तंत्र हाती आल्यावर टीना ल्युडेके आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील स्टर्कफोंटेन गुहेतील सात ऑस्ट्रॅलोपिथेकसच्या दाढांवर ते वापरले. २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे त्याच थरातील मांसभक्षकांपेक्षा खाली आणि शाकाहारी प्राण्यांच्या बरोबरीचे आले. अधूनमधून एखादे अंडे किंवा वाळवी खाल्ली असेल, पण मांस हे या मुलांचे नेहमीचे अन्न नव्हते.